साठ मुले निवडली गेली, उरलेल्यांच्या मनाचे काय?

१४ डिसेंबर २०२५. मुंबईत वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सी आला होता. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'ची सुरुवात झाली. राज्यभर चाचण्या घेऊन तेरा वर्षांखालची साठ मुले निवडायची, तीस मुलगे आणि तीस मुली, आणि त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती व प्रशिक्षण द्यायचे, अशी ही योजना. त्या रात्री उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर आठ-दहा पोट्टे एकाच मोबाइलवर डोकी घालून हे पाहत होते. एकाने विचारले, "ताई, या साठात आपल्या इकडचा कोणी आहे का?" आम्हाला माहीत नव्हते. दुसरा लगेच म्हणाला, "असला तरी तू नाही ना त्यात." सगळे हसले. विचारणाराही हसला, पण थोडा उशिराने.

योजनेला आमचा विरोध नाही. गरिबाघरच्या साठ मुलांना पाच वर्षे नीट खाणे, नीट मैदान आणि नीट कोच मिळणार असेल तर ते चांगलेच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. साठ निवडताना हजारोंना 'नाही' म्हटले जाते. ते 'नाही' त्यांना कोण सांगते, कसे सांगते, आणि सांगून झाल्यावर त्यांच्याजवळ कोण थांबते? आणि हीच साठ मुले अठरा वर्षांची होतील तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा एकदा 'नाही' ऐकावे लागेल. फुटबॉलचे गणितच तसे आहे. तेव्हा काय?

ज्या खेळाचे स्वप्न आपण या मुलांना दाखवतो आहोत, त्याची देशातली अवस्थाही समोर ठेवायला हवी. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवला गेला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नवा करार झाला नव्हता. ऑगस्टमध्ये एका मोठ्या क्लबने वरिष्ठ संघाचे पगार थांबवले. ऑक्टोबरमध्ये मडगावला भारतीय पुरुष संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. लीग सुरू होण्याची तारीख, १४ फेब्रुवारी, क्रीडामंत्र्यांनी जाहीर केली तेव्हा जानेवारी २०२६ उजाडला होता. म्हणजे भारताकडून खेळलेले, नावाजलेले खेळाडू सहा महिने घरी बसून विचार करत होते की आपण अजून फुटबॉलपटू आहोत की नाही. याच काळात भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली होती, पण त्याची चर्चा आपल्या कट्ट्यावर किती झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

अशा अस्थिर खेळात आपण पंधरा वर्षांच्या पोराला सांगतो, "मन घट्ट ठेव. मेंटली स्ट्राँग राहा." हे वाक्य आम्हीही म्हटले आहे. कोणाला म्हटले आणि पुढे काय झाले, ते सांगतो.

आमच्या वस्तीतला एक मुलगा. डाव्या पायाचा, वेगवान, बोलायला लाजरा. वडील माल वाहण्याचे काम करतात, आई दोन घरी स्वयंपाक करते. चौदाव्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या एका निवासी अकादमीत त्याची निवड झाली. मंडळाने चौकात फ्लेक्स लावला. निळी पार्श्वभूमी, वर बाबासाहेब, खाली त्याचा फोटो आणि 'हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांची वीस-पंचवीस नावे. त्यात आमचीही होती.

दीड वर्षाने तो दिवाळीच्या सुट्टीत घरी आला असताना पुढच्या हंगामाची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली. त्यात त्याचे नाव नव्हते. अर्ध्या तासाने त्याला ग्रुपमधूनही काढले. फोन नाही, पत्र नाही, "तुझे हे बरे होते, हे कमी पडले" असे सांगणारा एक माणूस नाही. त्याची बॅग अजून तिकडच्या होस्टेलमध्ये होती.

फ्लेक्स मात्र चौकात होताच. पावसाने रंग उडाला होता, पण चेहरा ओळखू येत होता. नंतर आमच्या लक्षात आले की दुकानात जायला हा पोरगा मागच्या गल्लीने वळसा घालून जातो. तीन महिने तो मैदानावर आला नाही. आम्ही घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "आता कामाले लागतो म्हणते. स्टड देऊन टाकले लहान्या पोराले." आम्ही त्याला बाहेर बोलावून तेच सांगितले जे सगळे सांगतात. एका नकाराने खचायचे नसते, मन खंबीर ठेवायचे. तो मान हलवत राहिला. आज त्या दहा मिनिटांची आम्हाला लाज वाटते. त्याला नेमके काय झाले होते, हे विचारायच्या आधीच आम्ही त्याला काय व्हायला हवे ते सांगून मोकळे झालो होतो.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांची मुले क्लबच्या अकादमीत घेतली जातात आणि दर वर्षी गाळणी लागते. टीसाइड विद्यापीठातल्या एका संशोधनात, अकादमीतून वगळल्यानंतर २१ दिवसांनी ५५ टक्के मुलांमध्ये वैद्यकीयदृष्ट्या दखल घ्यावी असा मानसिक ताण आढळला होता. निम्म्याहून जास्त. ही मुले आपल्या पोरांसारखी उपाशीपोटी सराव करणारी नव्हेत. त्यांच्याकडे फिजिओ आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, घासून-पुसून ठेवलेली मैदाने आहेत. तरीही.

जेरेमी विस्टेन हे नाव आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावे. मलावीत जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला हा मुलगा तेराव्या वर्षी मँचेस्टर सिटीच्या अकादमीत गेला. पुढे गुडघ्याची दुखापत झाली, नंतर क्लबने त्याला सोडले. ऑक्टोबर २०२० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपवले. अशा मृत्यूचे खापर एकाच कारणावर फोडणे चुकीचे असते, आणि आम्ही ते करणार नाही. पण त्यानंतर तिथे एक प्रश्न जाहीरपणे विचारला जाऊ लागला. मुलगा क्लबचा खेळाडू राहिला नाही म्हणजे क्लबची जबाबदारी संपली का? क्रिस्टल पॅलेस या क्लबने २०२२ मध्ये वगळलेल्या मुलांसाठी तीन वर्षांचा पाठपुरावा कार्यक्रम जाहीर केला. शिक्षण, काम, दुसरा क्लब, मनाची विचारपूस, सगळे त्यात येते. त्यासाठी माणूस नेमला. यातली मोठी गोष्ट पैशाची नाही. 'तू आता आमचा खेळाडू नाहीस, पण आमच्या हिशेबात आहेस' हे त्या मुलाला कळते, ही आहे.

आमच्या समाजशास्त्राच्या अभ्यासात ओळख या विषयावर खूप वाचले होते. वस्तीत काम करताना त्याचा अर्थ कळला. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलाचे फुटबॉल सुटले तर तो इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असतो, कोणाचा तरी पुतण्या असतो, सोसायटीतला हुशार मुलगा असतो. आमच्या पोराला 'फुटबॉलवाला' ही पहिलीच ओळख मिळालेली असते जिच्याबद्दल लोक चांगले बोलतात. त्याआधी तो फक्त अमुक वस्तीतला असतो, पोलिसांची गाडी आली की पळणाऱ्यांतला एक असतो. ती एकच चांगली ओळख गेली की माणूस उघडा पडतो. म्हणून त्याचे दुःख 'एका नकाराचे' नसते. मन कमकुवत आहे म्हणून तो खचत नाही. त्याचे सगळे वजन आपण एकाच खांबावर ठेवलेले असते.

डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार या दोन क्रीडा-मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बारा ऑलिम्पिक विजेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. हे लोक अपयश, दुखापती, घरची संकटे यांतून कसे उभे राहिले, हा त्याचा विषय. पुढे त्यांनी खेळाडूंना घडवण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो: आव्हान आणि आधार. दोन्ही भरपूर हवीत. नुसता आधार असेल तर मूल सुस्तावते, नुसते आव्हान असेल तर मोडते. आता आपल्या वस्तीकडे पाहा. आव्हान आपल्याकडे फुकट मिळते. नळाला पाणी पहाटे चारला येते, सरावाला जायला बसचे पैसे नसतात, दहावीचा पेपर आणि जिल्हा संघाची चाचणी एकाच आठवड्यात येते, मोठ्या भावाची नोकरी सुटलेली असते. आमच्या मुलांना 'कठीण परिस्थितीची सवय' लावण्यासाठी कोणत्याही शिबिराची गरज नाही. तुटवडा आहे तो आधाराचा. आणि तरी आपले बहुतेक कोच, आणि घरची मोठी माणसेही, मन खंबीर करण्याचा उपाय म्हणून आणखी थोडे आव्हानच देतात. ओरडतात. उन्हात पळवतात. सगळ्यांसमोर अपमान करतात. "यानंच पोरगा तयार होतो." होतही असेल एखादा. बाकीचे कुठे गेले ते कोणी मोजलेले नाही.

इथे जातीची गोष्ट येते, आणि ती टाळून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

त्या मुलाने शेवटी तोंड उघडले ते मार्च उजाडल्यावर, विहारातल्या लायब्ररीत, पुस्तके लावताना. अकादमीत पहिल्याच आठवड्यात त्याचे आडनाव विचारले गेले. मग "कोट्यातून आला का?" हा विनोद सुरू झाला. खाजगी अकादमीच्या निवडीत आरक्षण नसते, हे विनोद करणाऱ्यांनाही माहीत होते. त्याचा पास चुकला की "कोटा", त्याने गोल केला की शांतता. त्याने एकदा सरांना सांगितले. सर म्हणाले, "दुर्लक्ष कर, मेंटली स्ट्राँग हो." तेच वाक्य. आम्ही म्हटलेले.

खंबीरपणा आणि अपमान गिळण्याची सवय, या दोन गोष्टींत फरक आहे. दुसरी गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना शिकवायची गरज नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली होती, आणि ती झुगारण्यासाठीच तर १९२७ ला महाडला आणि १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर आपली माणसे जमली. मग मैदानावर कोच 'दुर्लक्ष कर' म्हणतो तेव्हा आपण ते क्रीडा-मानसशास्त्र समजून मान का डोलावतो?

४ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचा महिला हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर काही लोकांनी फटाके फोडले, नाचले आणि जातिवाचक शिवीगाळ केली. संघात दलित खेळाडू जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हटल्याची तक्रार कुटुंबाने दिली. काही दिवसांपूर्वीच याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. कुटुंब गप्प बसले नाही. ते पोलिसांत गेले, गुन्हा नोंदला गेला. आणि वंदना पुढच्या सामन्यात उतरली, ग्रेट ब्रिटनविरुद्ध गोलही केला. आम्हाला ती खंबीर वाटते ती दोन्ही कारणांनी. तिने गोल केला म्हणून, आणि तिच्या घरच्यांनी तक्रार केली म्हणूनही. दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे.

त्याच उन्हाळ्यातली फुटबॉलची घटना सगळ्यांना आठवत असेल. ११ जुलै २०२१, युरो चषकाचा अंतिम सामना, वेम्बली. इटलीविरुद्ध पेनल्टीवर इंग्लंड हरले. रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी चुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. साका एकोणीस वर्षांचा होता. त्या रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पूर आला. मँचेस्टरमधले रॅशफर्डचे भिंतचित्र विद्रूप केले गेले.

पुढे जे झाले ते जास्त महत्त्वाचे आहे. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी जाहीरपणे सांगितले की पेनल्टी कोणी मारायच्या हे मी ठरवले, जबाबदारी माझी. स्वतः साउथगेट १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पेनल्टी चुकले होते, त्यामुळे त्यांना एकटे पडणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. लोकांनी त्या विद्रूप भिंतचित्रावर चिठ्ठ्या, हृदये, पत्रे चिकटवून ते झाकून टाकले. आणि ऑगस्टमध्ये साका आपल्या आर्सेनल क्लबकडून कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर गेला तेव्हा टॉटनहॅमच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याच्या बाजूने बॅनर लावला. तीन वर्षांनी, ६ जुलै २०२४ ला, युरोच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध साकाने आधी बरोबरीचा गोल केला आणि मग शूटआउटमध्ये स्वतःची पेनल्टीही मारली. आत गेली.

लोक म्हणतात, बघा, काय मन आहे या पोराचे! आहेच. पण आम्हाला त्या मनाभोवती उभी असलेली माणसे दिसतात. चूक आपल्या अंगावर घेणारा कोच, पाठीशी राहिलेला क्लब, प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षकसुद्धा. एकट्या साकाला 'दुर्लक्ष कर' म्हणून सोडून दिले असते तर ती पेनल्टी मारायला तो पुढे आला असता का, कोण जाणे. आणि हेही लक्षात घ्यावे की तिथेही सगळे आलबेल झालेले नाही. स्पेनमध्ये व्हिनिसियसला वर्षानुवर्षे माकड म्हणून हिणवले गेले. मार्च २०२४ मध्ये पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरले नाही. रियाल माद्रिदचा, जगातल्या पहिल्या पाचांतला खेळाडू. त्याला कमजोर मनाचा म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? तो रडला आणि तक्रारीही करत राहिला, आणि त्याला शिव्या देणाऱ्यांना न्यायालयात शिक्षा झाल्या. फिफाने २०२४ मध्ये मनगटांवर हात आडवे धरण्याची खूण ठरवली. खेळाडूने ती केली की पंचाने वर्णद्वेषाविरुद्धची कार्यवाही सुरू करायची. आधी खेळ थांबवायचा, मग काही वेळ स्थगित, शेवटी सामना रद्द. आपल्या मैदानांवर जातीच्या शिवीसाठी अशी कोणतीही खूण नाही. पण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) नुसार लोकांच्या नजरेसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान किंवा शिवीगाळ हा गुन्हा आहे, आणि मैदान ही लोकांच्या नजरेसमोरचीच जागा आहे. प्रत्येक प्रसंगी गुन्हाच नोंदवावा असे आम्ही म्हणत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला खटल्याचे ओझे पेलेल का, हे त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागते. पण 'हे चूक आहे आणि याला नाव आहे' एवढे तरी त्याला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू यायला हवे.

नागपूरकरांना यात बाहेरून शिकण्यासारखे कमी आणि घरात पाहण्यासारखे जास्त आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली पोरे पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले, हे आपल्याला माहीत आहे. २०१६ मध्ये त्या कामाला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला तेव्हा जयंतीच्या प्रसंगाला आपण थिएटरात शिट्ट्या वाजवल्या. पण या कामातला एक बारकावा कमी बोलला जातो. बारसे सरांच्या संस्थेची मुले ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये खेळतात, तिथे नियम आहे की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते. पहिल्यांदा ऐकल्यावर हे क्रूर वाटते. विचार केला तर उलट आहे. स्पर्धेत उतरण्याआधीच मुलाला ठाऊक असते की हे संपणार आहे, आणि संस्थेलाही ठाऊक असते की यानंतर याचे काय, हे आपल्याला पाहायचे आहे. अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओ दि जानेरोला भारताचा कर्णधार होता. तो पुढे मुलांना शिकवणारा झाला. फुटबॉल त्याच्यापासून सुटला नाही, पण खेळाडू म्हणून निवडले जाण्यावर त्याचे आयुष्य टांगलेले राहिले नाही.

आम्ही आमच्या मैदानावर गेल्या वर्षभरात काही गोष्टी करून पाहिल्या. सगळ्या जमल्या असे नाही.

पेनल्टीचा सराव आता आम्ही वेगळ्या रीतीने घेतो. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शेकडो पेनल्टी तपासल्या. शिट्टी वाजताच घाईने मारणारे जास्त चुकतात, असे त्यांना दिसले, आणि सर्वांत घाई इंग्लंडच्या खेळाडूंची होती. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडने मुद्दाम वेळ घ्यायचा सराव केला आणि कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातले पहिले शूटआउट जिंकले. आमची पोरे शिट्टीनंतर तीन श्वास मोजतात. विहारातल्या शिबिरांत आनापान केलेल्यांना हे सांगावेच लागत नाही. श्वास आत जातोय, बाहेर येतोय, एवढेच पाहायचे. एक पोरगी, आमची गोलकीपर, म्हणाली की मला मारायची नसते तरी मी मोजते. (मुलींच्या बाबतीत आमचा अर्धा वेळ मनावर नाही, संध्याकाळी सहानंतर मैदानावर येऊ द्या म्हणून घरच्यांना पटवण्यात जातो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) मात्र एक इशारा द्यायला हवा. श्वास पाहणे हे अपमानावरचे औषध म्हणून वाटू नका. मन शांत करायचे ते चेंडू मारण्यासाठी आणि नीट बोलण्यासाठी, गप्प बसण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, संघात न घेतलेल्या मुलाला आम्ही समोर बसवून सांगतो. एकट्याला, पाच मिनिटे, काय बरे होते आणि का घेतले नाही. यादी नंतर लागते. पहिल्यांदा आमच्या कोच सरांना हे फार जड गेले. ते म्हणाले, पोरांच्या तोंडावर नाही म्हणणे कठीण आहे. खरेच आहे. म्हणूनच तर सगळे यादी टाकून मोकळे होतात. दोन आठवड्यांनी पुन्हा त्या मुलाच्या घरी जायचे ठरवले होते. यात आम्ही कमी पडलो. अकरापैकी चार घरी गेलो, बाकी राहून गेले.

तिसरे, प्रत्येक मुलाला खेळाशिवाय एक काम दिले. कोणी लायब्ररीत, कोणी लहान गटाचा पंच, कोणी सामन्यांच्या नोंदी ठेवतो. दहावी-बारावीच्या महिन्यात सराव अर्धा. याचा काही चमत्कार झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण मागच्या महिन्यात घोटा मुरगळून बसलेला मुलगा रोज मैदानावर येत होता, कारण वही त्याच्याकडे होती.

ज्या कार्यकर्त्यांना वाटते की हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यांनी निदान एक नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये टाकून द्यावा: १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोन मोफत आहे. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, 'माझा काही उपयोग नाही' असे म्हणत असेल, तर भाषण न देता त्याच्याजवळ बसावे, सरळ विचारावे आणि सोबत बसून हा फोन लावावा. त्या पोराने स्टड देऊन टाकले होते. आम्ही तेव्हा ते ओळखायला हवे होते.

तो आता बरा आहे. रविवारी लहान मुलांच्या सामन्यात शिट्टी त्याच्याकडे असते. स्वतः खेळत नाही. विचारले तर "बघू" म्हणतो. आम्ही पुन्हा विचारलेले नाही.

राहता राहिला प्रश्न आपला. जयंतीनिमित्त वस्तीत रात्रीचे फुटबॉल सामने होतात. माइकवर बसणारा आपलाच कार्यकर्ता असतो. पोराची पेनल्टी चुकली की तो माइकवरून जे बोलतो, "अरे, घरी जाऊन गोट्या खेळ," त्यावर अख्खी वस्ती हसते, त्याची बहीण आणि आई ऐकत असतात. हे करणारे सवर्ण नाहीत, आपण आहोत. मंडळाच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडल्या: माइकवरून मुलांची टिंगल बंद करायची, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचा फ्लेक्स लावायचा नाही, त्याऐवजी ते पैसे स्टड आणि बसभाड्याला द्यायचे. पहिल्या मुद्द्याला सगळ्यांनी हो म्हटले. फ्लेक्सवर मात्र वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "आपली पोरं पोस्टरवर यायला किती पिढ्या गेल्या, आणि तुम्ही ते काढा म्हणता?" त्यांचेही चूक नाही. आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. पुढची बैठक रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात आहे. त्या मुलालाही बोलावले आहे.